फॉरमॅट केलेल्या डिस्कवरची सात नावं

तुम्ही पुसलेलं खरंच पुसलं गेलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मला कोणीच सांगितलं नव्हतं. उलट मीच दुसऱ्यांना सांगत होते. गोंदियातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. दर बॅचला फळ्यावर लिहून द्यायचे की फॉरमॅट केल्यावर हार्डडिस्क कोरी होते. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायचे. दोन हजार अकराच्या हिवाळ्यापर्यंत मी हे खोटं छातीठोकपणे शिकवलं. त्या हिवाळ्यात पाच दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेले आणि दुसऱ्याच दिवशी ते खोटं माझ्यासमोर उघडं पडलं.

प्रशिक्षण होतं संगणकातला पुरावा कसा ताब्यात घ्यायचा आणि कसा तपासायचा याचं. गोंदियातल्याच एका महाविद्यालयाच्या लॅबमध्ये चौदा जण होतो. अकरा पोलीस खात्यातले, तिघं बाहेरचे. संगणक जप्त करताना पंच म्हणून कोणीतरी जाणकार लागतो, म्हणून आमच्या क्लासमधून मला पाठवलं होतं. मी मात्र वेगळ्याच हेतूने गेले होते. पोलिसांच्या हातात गेलेल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय घुसवता येतं, हे शिकून त्यावर पत्रक काढायचं, असं माझ्या मनात होतं. पत्रकाचं शीर्षकही ठरलं होतं. मजकूर तेवढा बाकी होता.

मी पत्रकांवरच वाढले. आमचं घर कामठ्याला. बाबा शेती करायचे आणि दोन-चार मित्रांना घेऊन पत्रकं काढायचे. कधी कालव्याच्या पाण्यावर, कधी शाळेच्या गळक्या छपरावर, कधी दवाखान्यात न येणाऱ्या डॉक्टरवर. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या पुस्तकांना असायची आणि पाठकोऱ्या बाजूला मी गणितं सोडवायचे. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द पोरगी स्वतःच्या नावाआधी वाचायला शिकली, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून उमगलेलं नाही.

बाबांचा एक नियम होता. पत्रकातल्या प्रत्येक आरोपामागे एक माणूस हवा. त्याचं नाव, गाव, तो काय म्हणाला आणि कधी म्हणाला, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचं. तो कागद छापायचा नाही, पण ठेवायचाच. “साक्ष नसेल तर ती निंदा झाली,” बाबा म्हणायचे, “आणि निंदा काय, पानठेल्यावरही होते.” आम्ही त्या कागदाला साक्षीयादी म्हणायचो. पुढे घरी जुना कॉम्प्युटर आला तेव्हा याद्या टाईप करायचं काम माझ्याकडे आलं.

त्यातली एक यादी सात बायांची होती.

सालेकसाच्या पुढे जंगलातल्या एका गावात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे विडीची पानं विकत घ्यायचा हंगामी अड्डा, लागते. बाया पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, घरी पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणून मांडतात. ठेकेदाराचा मुन्शी पुडे बघून घेतो किंवा नाकारतो. तिथला मुन्शी काही बायांचे पुडे मुद्दाम शेवटी बघायचा. बाकी गाव घरी गेलं, की मग. पुडा घ्यायच्या निमित्ताने हात धरायचा, आणि जिने हात सोडवला तिची पानं दुसऱ्या दिवशी ‘फाटकी’ निघायची. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात त्या गावी गेले तेव्हा सात जणींनी मला हे सांगितलं, एकेकीने, वेगवेगळ्या घरात, दार लोटून. सगळ्यांत तरुण होती तिने सांगून झाल्यावर विचारलं, “मायं नाव कोठी येनार नाही ना वो बाई?”

मी म्हटलं, “कुठेच नाही.”

पत्रक निघालं. त्यात एकही नाव नव्हतं. गाजलं ते. ठेकेदाराने मुन्शीला त्या फळीवरून हलवलं. आणि मी घरी येऊन बाबांच्या नियमाप्रमाणे सातही नावं नवऱ्याच्या आणि बापाच्या नावासकट टाईप करून ठेवली होती. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर धीमा झाला म्हणून मी डिस्क फॉरमॅट केली. याद्यांचे कागद बाबांच्या पेटीत होतेच. मशीनवरचं गेलं, असं मी मानलं.

प्रशिक्षणाला येताना प्रत्येकाने एक जुनी हार्डडिस्क आणायची होती, स्वतःची, संमतीचा फॉर्म भरून. मी ती नेली. फॉरमॅटनंतर थोड्याच दिवसांत घरचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि डिस्क तर कोरीच होती!

सर नागपूरहून आले होते. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांना उभं केलं. “हात खिशात घाला. ज्यांना खिसा नाही त्यांनी पाठीमागे बांधा. जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं हेच करायचं. कोई बटन नहीं दबाएगा. तुम्ही नुसता माऊस हलवलात तरी डिस्कवर काहीतरी लिहिलं जातं.”

मग त्यांनी डिस्क गोळा केल्या आणि वाटल्या. स्वतःची डिस्क कोणी तपासायची नाही. माझी गेली माझ्या पुढच्या टेबलावर. तिथे दोघं होते. एक हवालदार, जाड मिशांचे, बोलके, दर वाक्याला टाळी मागणारे. दुसरी नवी भरती झालेली महिला शिपाई, तेवीस-चोवीसची, सालेकसाकडचीच. हवालदारांनी सुरुवातीलाच कामाची वाटणी केली. “लिखापढी तू कर बाप्पा. मायं अक्षर पाहून कोर्ट बी घाबरते.” त्यामुळे डिस्क ताब्यात घेतल्याच्या फॉर्मवर सही तिची होती.

चहाच्या सुट्टीत सगळे आपापल्या भागातल्या गोष्टी सांगत होते. हवालदार म्हणाले, “आमच्याकडं दोन साल आधी एक पत्रक निघालं होतं. फळीच्या मुन्शीवर. मुन्शी आपला दोस्त आहे, साधा मानूस. त्याची रोजी गेली. कोन बाया बोलल्या, आजवर पत्ता नाही. सापडल्या पाहिजेत एकदा.” आणि टाळीसाठी हात पुढे केला. तो नेमका माझ्यासमोर आला. मी टाळी दिली.

हे मी इथे लिहिते आहे कारण ते खरं आहे. मी टाळी दिली, आणि हसलेही.

तरीही तेव्हा मला भीती नव्हती. राग होता, तो मला सवयीचा. भीती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आली. सरांनी आपल्या खिशातला पेनड्राईव्ह सगळ्यांसमोर फॉरमॅट केला. पडद्यावर दिसलं, रिकामा. मग त्यांनी एक प्रोग्राम चालवला, आणि एकेक करून फोटो वर येऊ लागले. कोणाचं तरी लग्न, एक म्हैस, बारशातलं बाळ. लोक हसले.

“फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते,” सर म्हणाले. “पुस्तक तिथंच असतं. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.”

मला ऐकू येणं कमी झालं. सरांचे ओठ हलत होते. दोन हात अंतरावर, पुढच्या टेबलावर, माझी डिस्क केबल लावून पडली होती. तिच्यात सात बाया होत्या आणि तिच्यासमोर मुन्शीचा दोस्त बसला होता.

त्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या टेबलावरच्या डिस्कची हॅश काढली होती. हॅश म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या मजकुरावरून यंत्राने काढलेला लांबलचक आकडा. डिस्कवर एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो. तो फॉर्मवर लिहायचा, खाली सही करायची. मग डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, प्रतीचा आकडा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. जुळले तर पुरावा शाबूत. डिस्क आणि मशीन यांच्यामध्ये एक छोटी डबी लावलेली असते. ती डिस्कमधून वाचू देते, डिस्कवर लिहू देत नाही. प्रत दुपारी काढायची होती. त्यानंतर पुसलेलं वर आणायचं.

म्हणजे माझ्याकडे जेवणाची सुट्टी होती.

सगळे व्हरांड्यात डबे घेऊन गेले. नियम असा की ताब्याच्या फॉर्मवर ज्याची सही त्याने डिस्कपाशी बसायचंच. हवालदार जेवायला गेले होते, ती शिपाई एकटी बसली होती. मी डबा न उघडता आत घुटमळत होते. तिने विचारलं, “म्याडम, जेवत नाही काय?”

“भूक नाही.”

“मंग दोन मिनिट बसता का इथं? पानी पिऊन येतो. सकाळपासून घोटभर नाही पेली.”

ती गेली. मी डबीतून केबल काढली. घाईत ती शेजारच्या मशीनला तीनदा लावावी लागली. त्या मशीनवर कोणीतरी गाण्यांचं फोल्डर ठेवलं होतं. तेच उचललं आणि माझ्या डिस्कवर टाकायला लागले. वरून काही लिहिलं की खालचं मरतं, एवढं मला सकाळी कळलं होतं. चाळीस जीबीची डिस्क आणि गाणी दीड जीबी. विहिरीत तांब्याभर पाणी ओतून ती भरेल, असं मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं. पट्टी पुढे सरकत होती, पंधरा टक्के, वीस. बाहेर डब्यांचा आवाज. कोणीतरी हसलं आणि मला वाटलं, आले. पंचेचाळीस. नळ बंद झाल्याचा आवाज आला. साठ. पावलं. मी केबल ओढली आणि परत डबीला लावली. ती आत आली तेव्हा ओढणीने तोंड पुसत होती.

“बसल्या म्हून बरं झालं,” ती म्हणाली. “तोंड बी धुऊन घेतलं.”

चार वाजता पुढच्या टेबलावरचे दोन आकडे जुळेनात. सरांनी पुन्हा काढायला लावले. पुन्हा जुळेनात. मग त्यांनी स्वतः प्रत उघडली आणि मोठ्या पडद्यावर दाखवली.

“बघा. आज एक वाजून बारा मिनिटांनी या डिस्कवर गाणी टाकलीत कोणीतरी. अर्ध्यात तोडलीत. ताबा कोणाचा होता?”

हवालदारांनी खुर्ची मागे सरकवली. “मी तं जेवून राहिलो होतो सर. सगळ्यांनी पायलं. बाई मानूस आहे, एकटी बसली, वाटलं असंल गानं ऐकावं.”

लॅबभर हशा झाला. ती उभी होती. मान खाली. सरांनी विचारलं, “तू जागा सोडली होतीस?”

ती काही बोलली नाही. मीही नाही.

“ठीक आहे. उद्या तुझ्या वरिष्ठांना शेरा जाईल. पुरावा हाताळायला अपात्र.” मग सर वळून म्हणाले, “डिस्क बिघडली तरी शिकायला चालेल. पुसलेलं वर आणणारा प्रोग्राम लावून ठेवा, सकाळपर्यंत होईल. बघू काय काय निघतं.”

सायकल स्टँडवर तिने मला गाठलं. मी कुलूप काढत होते. ते निघेना, कारण मी चावी उलटी घातली होती.

“तुमीच केलं,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं नाही.

“काऊन केलं, ते तुमचं तुमाले माहीत. मी तुमचं नाव नाही घेतलं. घेतलं असतं तं जागा सोडली म्हून मीच अडकलो असतो. पन तुमी तं बोलू शकत होत्या ना?”

“मी... त्यात काहीतरी आहे. माझं नाही ते.”

“मंग कोनाचं?”

मी सांगितलं नाही. ती पोलीस होती. गणवेशातल्या माणसाला नाव सांगायचं नाही, हे मी लिहायला शिकायच्या आधी शिकले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मायी नवी भरती आहे. शेरा लागला तं घरी बसवतील. माया घरात पगारी मानूस मीच. जमलं तं पाहा.”

पोलिसांनी पुरावा बिघडवण्याविरुद्ध पत्रक लिहायला आले होते मी, आणि पुरावा मीच बिघडवला होता आणि त्याची शिक्षा एका पोलिसाला होत होती. हे मला सायकलवर, रेल्वे फाटकाशी थांबलेली असताना, पहिल्यांदा शब्दांत सुचलं. पण खरं सांगायचं तर तेव्हाही मला लाजेपेक्षा भीती जास्त होती. मी बोलले तर सर विचारणार, का केलंस. कारण सांगितलं तर हवालदार ती डिस्क चाळून काढणार. नाही बोलले, तरी प्रोग्राम चालूच होता, आणि सकाळी फाईली त्याच्याच टेबलावर येणार होत्या. दोन्ही रस्ते त्याच गावाला जात होते. बोलण्या-न बोलण्याने फरक पडत होता तो फक्त त्या पोरीला.

सकाळी साडेआठला पोचले. मला वाटलं होतं, पहिली मी असेन. हवालदार आधीच आले होते. चहाचा ग्लास हातात, नजर पडद्यावर. वर आलेल्या फाईलींची यादी होती, नावं गेलेली, नुसते आकडे. ते एकेक उघडत होते. मला पाहून त्यांनी पडद्यावरची खिडकी बंद केली की आपोआप झाली, ते मला दिसलं नाही.

सर आले, बाकीचे आले. मी उभी राहिले. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

“सर, काल डिस्क मी बदलली. त्यांनी मला बसवलं आणि त्या पाणी प्यायला गेल्या. त्यांनी हात लावला नाही.”

कोणीतरी “अरे बाप” म्हणालं.

“का?” सर म्हणाले.

“डिस्क माझी आहे. त्यात काही लोकांची नावं आहेत. मी त्यांना शब्द दिला होता. मला वाटलं होतं फॉरमॅट म्हणजे गेलं.”

“कोण लोक?” हे हवालदारांनी विचारलं.

सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. कपाटातून माझा संमतीचा फॉर्म काढला, टेबलावर ठेवला. “संमती मालकाची असते. मालक ती परत घेऊ शकतो. घ्यायची आहे?”

मला हा रस्ता माहीतच नव्हता. काल दुपारी एवढंच बोलले असते तर! मी मान हलवली.

“तोंडाने बोला.”

“घ्यायची आहे.”

“लिहून द्या.”

मी लिहून दिलं. सरांनी प्रोग्राम थांबवला. डिस्क, तिची प्रत आणि वर आलेल्या फाईली, तिन्हींवर सगळ्यांसमोर नुसती शून्यं लिहायला लावली आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणाला टेबलाला हात लावू दिला नाही. दुपार झाली. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, “तुमचा हेतू मला कळला नाही, कळून घ्यायचाही नाही. पण खऱ्या केसमध्ये हे केलं असतं तर निर्दोष माणूस आत गेला असता. प्रमाणपत्र मिळणार नाही.” त्या शिपाई मुलीवरचा शेरा त्यांनी बदलला, काढला नाही. ‘ताबा सोडला’ एवढं राहिलंच. ते खरंच होतं. ती माझ्याशी उरलेले दिवस बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, “एक दिवस आधी बोलल्या असत्या तं काल घरी मायी माय उपाशी नसती झोपली.”

संध्याकाळी फाटकाशी हवालदारांनी मोटारसायकल माझ्याजवळ थांबवली.

“म्याडम, टाईप लय साफ करता बाप्पा तुमी. एक बी चूक नाही.”

आणि गेले. प्रशिक्षणातले सगळे फॉर्म आम्ही हाताने भरले होते. म्हणजे त्यांनी सकाळी काहीतरी वाचलं होतं. पत्रकाचा मसुदा असेल. यादी असेल. दोन्ही असतील. मला आजही माहीत नाही.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी आधी कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “नियम चूक नाही. यादी नसती तर उद्या कोणीही कोणावरही पत्रक काढेल.”

“नियम कोणासाठी आहे बाबा? आपण खरे ठरावं म्हणूनच ना?”

“खरं ठरणं कमी वाटतं तुला?”

“त्यांना विचारलं होतं का आपण? लिहून ठेवू का, म्हणून?”

बाबा उठून बाहेर गेले. आमच्यात हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी अजूनही त्यांना पूर्ण चूक म्हणू शकत नाही. साक्षीशिवाय पत्रक मी आजही काढत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने सालेकसाला उतरले, पुढे जीपने आणि मग पायी. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. बहाणेही तयार होते. कदाचित हवालदारांनी यादी उघडलीच नसेल, मग उगाच कशाला घाबरवायचं? कदाचित मुन्शी विसरला असेल. पण कोणाला घाबरवायचं नाही हे ठरवणारी मी कोण?

सातांपैकी एक लग्न होऊन पलीकडे छत्तीसगडात गेली होती. बाकी सहा जणी एका अंगणात बसल्या. धान उकडायची चूल पेटलेली होती. मी सगळं सांगितलं. डिस्क काय, फॉरमॅट काय, हे समजावताना माझी त्रेधा उडाली. सगळ्यांत वयस्क होती तिने मध्येच थांबवलं.

“ते मशीनचं राहू दे. तू आमचं नाव लिहिलं होतं?”

“हो.”

“तू तं म्हनली, कोठीच नाही.”

“हो.”

“मंग कायले लिहिलं?”

“बाबांचा नियम आहे. साक्षीचं नाव...”

“तुया बाबाचा नियम,” ती म्हणाली, “आन मरन आमचं.”

तरुण होती ती उठून आत गेली आणि परत आली नाही. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. एकीने मला पाणी आणून दिलं, पण हातात दिलं नाही, समोर ठेवलं.

मग वयस्क बाई म्हणाली, “आता आली तं ऐक. फळी लागंल तवा तो मुन्शी येनार, असं ऐकलं. ठेकेदारानं परत घेतला त्याले. पहिल्या दिवशी तू बी येशील. आमच्यासंगं उभी राहशील. मागं नाही, पुढं.”

“येईन.”

“पाहू.”

मे महिन्यात मी गेले. संध्याकाळी फळीवर बाया पुडे मांडून रांगेत बसल्या होत्या. एकही एकटी नव्हती. मुन्शी आला. साधाच दिसला, खिशाला पेन, खांद्यावर दुपट्टा. त्याने रांगेवरून नजर फिरवली, मग माझ्यावर आणली आणि तिथेच ठेवली. मीही नजर हलवली नाही.

वयस्क बाई उठली. “तुयं नाव मी सांगतलं होतं,” ती मोठ्याने म्हणाली. “मी एकटीनं. आनखी कोनाले विचारत फिरू नको.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने मागे हात करून माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. मुन्शी काहीतरी पुटपुटला आणि पुडे बघायला लागला. तिचे बारा पुडे त्याने ‘फाटके’ म्हणून बाजूला काढले. बाकी सगळ्यांचे घेतले.

एवढंच झालं. पुढे काही झालं नाही, असं मी म्हणू शकत नाही. दोन हंगाम तिची पानं फाटकीच निघत राहिली. आणि ती तरुण बाई त्या दिवशी फळीवर नव्हतीच. हिवाळ्यातच तिला भावाकडे धाडून दिलं होतं. पुन्हा मी तिच्याशी बोलू शकले नाही. निरोप पाठवला, उत्तर आलं नाही.

क्लासमध्ये मी आता फॉरमॅटबद्दल खरं शिकवते. तो भाग सोपा आहे. डिस्क पूर्ण भरून पुसता येते, नाहीतर हातोड्याने फोडता येते, दहा मिनिटांत शिकवून होतं. कठीण भाग दुसरा आहे, आणि तो तुमच्याकडे सोपवायला मी हे लिहिलं.

तुमच्याकडेही कोणाची तरी नावं असतील. सह्यांच्या मोहिमेचा कागद, तक्रार अर्जाची झेरॉक्स, एखाद्या मुलीने वर्गाबाहेर थांबून सांगितलेली आणि तुम्ही डायरीत टिपलेली गोष्ट, मोबाईलमधला एखादा आवाज. या आठवड्यात एक दिवस काढा. त्या माणसांकडे स्वतः जा, फोन करू नका. त्यांना सांगा, तुमचं नाव माझ्याकडे आहे, अमुक ठिकाणी आहे, आजवर अमक्या-अमक्याने पाहिलेलं असू शकतं. आणि विचारा, ठेवू की नष्ट करू? जे सांगतील ते तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत करा. ते रागावतील, तर रागावून घ्या. पण जा.